कळावे, लोभ असावा : विध्यर्थ, स्पेलिंग आणि एक हरवलेलं टिंब

मागच्या रविवारच्या भागाचा हा लिखित मजकूर. नेहमीसारखंच, बोललेलं बरंचसं तसंच ठेवलंय. जिथे मी अडखळलो किंवा पाणी प्यायलो ते गाळलंय. लिखित मजकूर टाकायला लागल्यापासून मला सगळ्यात जास्त मेसेज एकाच प्रकारचे येतात. "तुम्ही 'पहावं' लिहिता, ते 'पाहावं' असं हवं." बरोबर आहे, मान्य. पण या एका 'ह'च्या मागेपुढे काय काय झालंय ते सांगायला मला एक अख्खा भाग लागला, आणि त्यात माझ्या हातून झालेली एक चूकही सांगायची आहे. ती शेवटाकडे येईल.

सुरुवात स्पॅनिशपासून करतो. तुम्ही म्हणाल वाईच्या माणसाला स्पॅनिश कशाला? आमच्या ऑफिसातल्या प्रोजेक्टचा क्लायंट मेक्सिकोचा आहे, म्हणून आम्हा चौघांना ऑनलाइन क्लास लावून दिला. पहिले तीन महिने मजेत गेले. मग आला सबजंक्टिव्ह. म्हणजे साधारण आपला विध्यर्थ. एखादी गोष्ट घडते असं सांगायचं नसून ती घडावी, कोणी करावी, असं म्हणायचं असतं तेव्हाचं क्रियापदाचं रूप.

नियम तसा सोपा आहे. ज्या क्रियापदांचा शेवट 'आर'नं होतो त्यांच्यात वर्तमानकाळात जिथे 'आ' येतो तिथे विध्यर्थात 'ए' घालायचा. 'आब्लार' म्हणजे बोलणे. 'आब्ला', तो बोलतो. 'आब्ले', त्यानं बोलावं. झालं. मी प्रोग्रॅमर माणूस, मला वाटलं एका ओळीचं काम आहे. परीक्षेत 'बुस्कार' म्हणजे शोधणे हे क्रियापद आलं. 'बुस्का' मध्ये 'सी-ए' असतं, मी 'ए' काढून 'ई' ठेवला आणि 'सी-ई' लिहून मोकळा झालो. बाईंनी लाल रेघ मारली. कारण स्पॅनिशमध्ये 'सी'पुढे 'ई' किंवा 'आय' आला की 'सी'चा उच्चार 'क' राहातच नाही, 'स' होतो (स्पेनमध्ये बऱ्याच ठिकाणी 'थ'च्या जवळ जातो). म्हणजे मी लिहिलेलं रूप 'बुसे' असं वाचलं जाणार. 'बुस्के' वाचायला हवं असेल तर 'सी' काढून तिथे 'क्यू-यू' लिहायचं.

'पागार' म्हणजे पैसे देणे. तिथेही तेच. 'जी'पुढे 'ई' आला की 'ग'चा 'ख'सारखा घशातला आवाज होतो, म्हणून मध्ये एक मुका 'यू' बसवायचा आणि 'पागे' म्हणायचं. 'क्रुसार' म्हणजे ओलांडणे, त्यात 'झेड' जाऊन 'सी' येतो. 'कोखेर' म्हणजे पकडणे, त्यात उलटं, 'जी' जाऊन 'जे'. आणि 'आवेरिग्वार' म्हणजे चौकशी करणे, तिथे 'यू' मुका नाही, बोलका आहे, म्हणून तो बोलका आहे हे सांगायला त्याच्या डोक्यावर दोन टिंबं द्यायची. ही दोन टिंबं लक्षात ठेवा. पुढे आपलं एक टिंब येणार आहे.

पाठ करताना हा सगळा छळ वाटतो. पण एकदा मुळाशी गेलं की कळतं, इथे क्रियापद बदलतच नाहीये. तोंडातला आवाज तसाच राहावा म्हणून फक्त अक्षर बदलतं. जुन्या लॅटिनमध्ये 'सी' म्हणजे सरसकट 'क' होता. लॅटिन मोडून तिच्या लेकी भाषा झाल्या तेव्हा 'ए' आणि 'इ'च्या आधीचा 'क' जिभेवर मऊ होत गेला. लिपी मात्र तीच राहिली, त्यामुळे एका अक्षराला दोन आवाज चिकटले.

स्पॅनिशचं पहिलं छापील व्याकरण १४९२ चं, आन्तोनियो दे नेब्रिखा नावाच्या पंडिताचं. हो, तेच वर्ष, कोलंबसचं. नेब्रिखानं ते राणी इसाबेलाला अर्पण केलं आणि प्रस्तावनेत भाषा आणि साम्राज्य यांची सांगड घातली. त्याचा आग्रह असा होता की जसं बोलतो तसं लिहावं आणि जसं लिहिलंय तसं बोलावं. पुढे १७१३ मध्ये स्पेनची राजेशाही अकादमी आली, १७४१ मध्ये तिनं शुद्धलेखनाचं पुस्तक काढलं, आणि १८१५ मध्ये 'क्यू' आणि 'सी' यांच्या वाटण्या बऱ्याच अंशी आजच्यासारख्या केल्या. तिकडे दक्षिण अमेरिकेत आन्द्रेस बेल्यो या विद्वानाचं म्हणणं होतं की 'क्यू'च्या मागचा मुका 'यू' हवाच कशाला? चिलीनं १८४४ मध्ये त्याच्या काही सुधारणा अधिकृत केल्या आणि १९२७ मध्ये परत जुन्या लेखनाकडे गेली. शुद्धलेखनाच्या सुधारणांचं असंच असतं. घरातलं फर्निचर हलवून बघायचं आणि शेवटी कपाट परत जुन्या भिंतीला.

आता गोव्यात या. स्पॅनिशची ही 'सी' आणि 'क्यू-यू'ची अदलाबदल पोर्तुगीजमध्येही आहे. गेल्या डिसेंबरमध्ये आम्ही मित्र गाडीनं काणकोणला चाललो होतो. गाडी चालवणारा पुण्याचा, तो बोर्ड वाचत म्हणाला, "हे क्वेपेम कुठाय रे?" ते केपें. इंग्रजी बोर्डावर 'क्यू-यू-ई' असं लिहिलंय, आणि मला एकदम क्लासमधली लाल रेघ आठवली! 'क'पुढे 'ए' आलाय म्हणून 'क्यू-यू'. मग मी खुळ्यासारखा सगळे बोर्ड वाचत सुटलो. काणकोण, 'क'पुढे आधी 'आ', मग 'ओ', दोन्हीकडे 'सी'. कुंकळ्ळी, 'सी'. केळशी, 'क्यू-यू'. सांगें, 'जी-यू-ई', अगदी 'पागे'सारखं. बार्देशातलं गिरी, 'जी-यू-आय'. आपल्या मराठी-कोकणी गावांची नावं, आणि ती लिहिलीत लॅटिन लेकींच्या घरच्या नियमानं. मित्र वैतागला, पण मी पुढचा तासभर दुसरं काही बोललो नाही.

या बोर्डांमागे चारशे वर्षांची गोष्ट आहे. गोव्यात छापखाना आला १५५६ मध्ये. थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात उतरला आणि मरेपर्यंत, म्हणजे १६१९ पर्यंत, तिथेच राहिला, बहुतेक काळ साष्टीत. मराठीवर त्याचा जीव जडला. त्यानं मराठीत ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' लिहिलं, ते १६१६ मध्ये राचोलला छापलं गेलं, पुढे १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा. त्या छापील प्रतींतली एकही आजवर हाती लागलेली नाही, हस्तलिखितांवरून आपण ते वाचतो. आणि हे मराठी पुराण छापलं रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळे नव्हते. स्टीफन्सनं १६०८ च्या पत्रात रोमला कळवलं होतं की इथल्या लिपीत छापायची सोय व्हावी, पण खिळे पाडायचे तर शेकड्यांनी साचे लागतील, कारण आपल्याकडे प्रत्येक व्यंजनाला बाराखडी. ते काही झालं नाही.

मग रोमन अक्षरांत मराठी-कोकणी लिहायची म्हणजे काय करायचं? 'ट', 'ड', 'ण' दाखवायला अक्षर दोनदा लिहिण्याची युक्ती वापरली गेली, ती डोकेबाज आहे. पण 'क' लिहिताना पोर्तुगीज वळणच आलं. 'कर' या धातूचंच बघा. जुन्या रोमी लेखनात 'करून' लिहिताना 'सी', आणि 'केलें' लिहिताना 'क्यू-यू'. देवनागरीत जो 'क' जागचा हलत नाही, तो तिकडे मागचा-पुढचा स्वर बघून वेश बदलतो. म्हणजे 'बुस्का-बुस्के'चं जे मला मेक्सिकोच्या निमित्तानं शिकावं लागलं, ते साष्टीतल्या लोकांना आपल्याच 'करणे' या क्रियापदासाठी चारशे वर्षांपूर्वी शिकावं लागलं होतं.

स्टीफन्सचं व्याकरण, 'आर्त द लिंग्व कानारी', लॅटिन व्याकरणाच्या साच्यावर बेतलेलं आहे. ते तो गेल्यावर १६४० मध्ये राचोललाच छापलं, दियोगु रिबेरोनं भर घालून. एक गंमत सांगतो. १५८० ते १६४० पोर्तुगाल आणि स्पेन एकाच राजाच्या हाताखाली होते. म्हणजे 'क्रिस्तपुराण' छापलं गेलं तेव्हा गोव्याचा राजा माद्रिदला बसत होता. मी स्पॅनिशचा धागा उगाच ओढून आणलेला नाही.

आणि गंमत नसलेलीही सांगतो. १६८४ मध्ये काउंट ऑफ आल्व्होर या व्हाइसरॉयनं फर्मान काढलं की गोव्यातल्या लोकांनी तीन वर्षांत स्वतःची भाषा सोडून पोर्तुगीज बोलायला लागावं. ज्या जागी देशी भाषेचं व्याकरण छापलं त्याच राज्यात, चव्वेचाळीस वर्षांत. फर्मानानं भाषा मेली नाही, हे आपल्याला दिसतंच. पण लिपीचं भांडण मागे राहिलं. १९८७ च्या गोव्याच्या राजभाषा कायद्यात कोकणी म्हणजे देवनागरीतली कोकणी असं आहे, आणि ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या प्रार्थना आणि तियात्र रोमीत आहेत ते अजून विचारतात, आमच्या लिपीचं काय? मी देवनागरीवाला आहे, मला 'क्यू-यू'पेक्षा 'के' सोयीचाच वाटतो. पण कुणाच्या आजीच्या पत्रातली अक्षरं चुकीची ठरवायचा अधिकार मला नाही, हे मी आता जरा नीट समजून म्हणतोय. का ते येईल.

केपें, सांगें, पेडणें, कुडचडें. या सगळ्यांच्या रोमन स्पेलिंगच्या शेवटी एक 'एम' आहे. तो 'म' नाही. पोर्तुगीजमध्ये शेवटचा 'एम' म्हणजे नाकातला स्वर. म्हणजे 'एं'. म्हणजे आपला अनुस्वार. आपला मराठीतला, जो १९६२ मध्ये गेला.

इथे आता वाईला येऊ या.

माझे आबा, म्हणजे वडिलांचे वडील, वाईत एका छापखान्यात जुळारी होते. खिळे जुळवायचे. वाई म्हटलं की लोकांना ढोल्या गणपती आणि सिनेमाची शूटिंग आठवतात, पण आमच्या लहानपणी घरातली वाई म्हणजे शाई, कागद आणि प्रुफं. प्राज्ञपाठशाळा वाईत, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी वाईत, त्यांच्यामुळे विश्वकोशाचं कार्यालय वाईत. १९७६ मध्ये विश्वकोशाचा पहिला खंड आला. एवढ्याशा गावात शब्दांवर पोट असलेली इतकी माणसं होती की घाटावर अंघोळीला गेलेला माणूससुद्धा ऱ्हस्व-दीर्घावर वाद घालायचा, असं आत्या सांगते. आत्याला थोडं वाढवून सांगायची सवय आहे.

महाराष्ट्र राज्य झाल्यावर मराठी साहित्य महामंडळ स्थापन झालं आणि त्यानं शुद्धलेखनाचे चौदा नियम केले. सरकारनं ते १९६२ मध्ये स्वीकारले. १९७२ मध्ये आणखी चार आले. या नियमांतला सगळ्यात मोठा घाव अनुच्चारित अनुस्वारांवर होता. जे टिंब बोलताना ऐकू येत नाही ते लिहायचं नाही. 'नांव'चं 'नाव', 'कांहीं'चं 'काही', 'घरांत'चं 'घरात'. आणि 'करावें'चं 'करावे'.

तर्क बरोबर आहे. नेब्रिखानं टाळ्या वाजवल्या असत्या. देशावर ते टिंब कुणी उच्चारत नव्हतं, मुलं घोकून घोकून लिहायची. स्पॅनिशची ती 'यू'वरची दोन टिंबं राहिली कारण ती ऐकू येतात, आपलं एक गेलं कारण ते ऐकू येत नाही. पण ते टिंब रिकामं नव्हतं. 'तेल आणावें' आणि 'आंबे आणावे'. पहिल्यात नपुंसकलिंगी एकवचन, म्हणून टिंब. दुसऱ्यात पुल्लिंगी अनेकवचन, टिंब नाही. 'कामें करावीं' यात नपुंसकलिंगी अनेकवचन, दोन्हीकडे टिंब. आता आपण 'आंबे आणावेत' आणि 'कामे करावीत' असा 'त' लावून वचन दाखवतो, म्हणून काम भागतं. आणि गोव्यात, तळकोकणात, ते टिंब आजही नाकातून येतं. तिकडच्या माणसाला 'अनुच्चारित' म्हणून सांगा, तो विचारेल, कुणाच्या तोंडी अनुच्चारित?

आपल्या विध्यर्थाची ठेवण स्पॅनिशपेक्षा वेगळी आहे. संस्कृतच्या 'कर्तव्य'मधला तो 'तव्य' घासत घासत 'आवा' झाला. त्यामुळे आपलं रूप करणाऱ्या माणसाकडे बघत नाही, केल्या जाणाऱ्या गोष्टीकडे बघतं. त्याने काम करावे, त्याने गोष्ट सांगावी, त्याने निरोप द्यावा. मोरो केशव दामल्यांच्या १९११ च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'च्या परंपरेत याला वाख्यात म्हणतात, शेवटच्या 'वा'वरून. शाळेत आपल्याला हे कुणी धड समजावत नाही. पाठ करा म्हणतात, झालं.

आणि अक्षरं इथेही बदलतात बरं. मी एकदा हौसेनं मराठी विध्यर्थ बनवणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला. धातूला 'आवे' जोडायचं. 'कर'चं 'करावे', 'बस'चं 'बसावे', छान. 'जा'चं 'जावे', दोन 'आ'चा एक झाला. 'ये'चं 'यावे'. 'दे', 'घे' यांचं 'द्यावे', 'घ्यावे', म्हणजे 'ए'चा 'य' होऊन जोडाक्षर. 'पी'चं 'प्यावे', 'भी'चं 'भ्यावे'. 'शीक' दीर्घ, पण 'शिकावे' ऱ्हस्व. 'पूस'चं 'पुसावे', 'ऊठ'चं 'उठावे'. 'धू'चं 'धुवावे'. आणि 'हो'चं 'व्हावे', तिथे तर 'ह' आणि 'व' यांनी जागाच बदलल्या. एका ओळीचा प्रोग्रॅम चाळीस ओळींवर गेला. मेक्सिकोच्या लोकांना मी हसत होतो.

पण यातला फरक पाहा. 'द्यावे', 'प्यावे', 'व्हावे' यांत आवाजच बदलतो आणि देवनागरी त्याच्यामागे इमानदारीनं जाते. 'शिकावे'चा ऱ्हस्व मात्र निम्मा कागदावरचा आहे. आमच्याच शेजारी, मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यातल्या मोडी दप्तराचे कारकून असले घोळ करत बसत नव्हते. मोडीत इकाराचं आणि उकाराचं चिन्ह एकेकच. ऱ्हस्व-दीर्घ हा प्रश्नच नाही. शिरोरेघ आधी ओढून घ्यायची आणि हात न उचलता लिहीत जायचं. त्या पत्रांची भाषा तर विध्यर्थावरच चालते. पाठवावे, करावे, यावे, लोभ असावा, कळावे. हुकूम द्यायचा, पण हुकमाचा आवाज येऊ द्यायचा नाही. गंमत म्हणजे स्पॅनिशमध्येही समोरच्याला आदरानं 'पैसे भरा' म्हणायचं तर आज्ञार्थ चालत नाही, विध्यर्थच घ्यावा लागतो, तोच मुक्या 'यू'वाला 'पागे'. आपल्या एसटी स्टँडवर 'रांगेत उभे राहावे' लिहितात तसंच.

तर आला एकदाचा 'राहावे'. महामंडळाचा नियम असा की क्रियापद 'राहणे', 'पाहणे', 'वाहणे' असं लिहायचं. 'रहाणे', 'पहाणे' नाही. आज्ञार्थात मात्र 'राहा'बरोबर 'रहा', 'पाहा'बरोबर 'पहा' चालेल. विध्यर्थाला ही सवलत नाही. धातू 'पाह', त्याला 'आवे', म्हणून 'पाहावे'. पण बोलून बघा. 'तू एकदा येऊन पहावंस.' वाईत तरी पहिला 'आ' कुणी ताणत नाही. दोन 'आ' लागोपाठ आले की आपली जीभ पहिल्याला आखडते. म्हणजे स्पॅनिशनं आवाज तोच राहावा म्हणून अक्षर बदललं, आणि आपण आवाज बदलला तरी अक्षर तेच ठेवलं, धातू ओळखू यावा म्हणून. दोन्हींत शहाणपण आहे. आठवीत निबंधात मी 'पहावे' सहा वेळा लिहिलं होतं आणि सरांनी सहाही वेळा अर्धा अर्धा मार्क कापला होता. एकच चूक सहा वेळा मोजायची का, हे मला अजून पटलेलं नाही. पण ते जाऊ दे.

आता माझी चूक.

आबा २०१३ मध्ये गेले. मागे वह्या राहिल्या. रोजनिशी म्हणावी तर तसं नाही, कारण रोज लिहिलेलं नाही. किराणा, छापखान्यातली कामं, नदीला पूर, कोण आलं, कोण गेलं. सुरुवात १९५८, शेवट ऐंशीच्या दशकात. लॉकडाऊनमध्ये मी वाईला होतो तेव्हा आत्या वाचायची आणि मी टाइप करायचो. दुपारी तीन ते पाच. पहिल्या दोन वह्या झाल्या, साधारण १९५८ ते १९६५. स्क्रीन लालभडक. 'नाहीं', 'कांहीं', 'करावें', 'पहावें', प्रत्येक शब्दाखाली रेघ. मला ते बघवेना. एका रात्री मी एक स्क्रिप्ट लिहिली, शेवटचे अनुस्वार उडवणारी, 'पहावे'चं 'पाहावे' करणारी, ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करणारी. चालवली. सेव्ह केलं. जुनी फाइल ठेवली नाही. हे मी रोज ज्युनियर पोरांना सांगतो, बॅकअप घेतल्याशिवाय काही चालवू नका म्हणून, आणि घरच्या कामात मीच घेतला नाही.

सकाळी आत्या आली, चष्मा लावला, दोन पानं वाचली आणि म्हणाली, "हे आबा नाहीत."

मला आधी कळेचना. मी म्हटलं, "अगं आत्या, शब्द तेच आहेत, फक्त शुद्ध केलंय."

ती म्हणाली, "तुला माहितीय का, त्रेसष्ट साली आबा घरी येऊन काय म्हणायचे ते? दिवसभर साहेबाच्या हुकमानं टिंबं गाळतो, हात शिवशिवतो. केसमधला टिंबांचा कप्पा भरलेलाच राहतो म्हणायचे. छापखान्यात नव्या नियमानं जुळवायचे आणि घरी वहीत टिंब द्यायचे. मग कधीतरी वहीतलंही थांबलं. ते कधी थांबलं हे मला बघायचं होतं या टायपिंगमध्ये."

खरंच, ते बघता आलं असतं. इतिहास म्हणतात तो हाच ना? सरकारनं नियम काढला हे राजपत्रात सापडतं. एका जुळाऱ्याच्या हातातून तो नियम घरच्या वहीत कोणत्या महिन्यात उतरला, हे फक्त त्या वहीत होतं. आधी 'नाहीं'चं टिंब गेलं की 'करावें'चं? नपुंसकलिंगाचं टिंब जास्त टिकलं का, कारण ते कामाचं होतं? 'पहावें' लिहायचे की 'पाहावें'? मी टाइप केलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोरून गेलं असणार, पण मी शब्द बघत होतो, टिंबं नाही.

मूळ वह्या आहेत की, असं मी म्हटलं. माळ्यावर ठेवल्या होत्या. दुसरी वही, बासष्टच्या उन्हाळ्यापासून पुढची, जिच्यात हे सगळं घडलं असणार, ती मी टाइप झाली म्हणून निर्धास्तपणे जुन्या ट्रंकेत टाकली होती. त्या पावसाळ्यानंतर उघडली तर वाळवी. पानांचा भुगा. कडेचे काही शब्द उरलेत, मधले नाहीत. पहिली वही शाबूत आहे. ती पुन्हा पहिल्यापासून टाइप केली, टिंबासकट. दुसरीचं जे आहे ते माझं 'शुद्ध' केलेलं, आणि त्यातून मूळ परत काढता येत नाही. 'आणावे' दिसतं, पण ते आबांनी टिंब देऊन लिहिलं होतं की न देता, हे त्या फाइलला विचारून उपयोग नाही. मी तिच्या वर एक ओळ लिहून ठेवलीय, की या फाइलमधलं लेखन नातवानं बदललेलं आहे, त्यावरून काही निष्कर्ष काढू नये. 'काढू नये' हासुद्धा विध्यर्थाच्या घरातलाच.

महामंडळाच्या नियमांत एक फार समजूतदार नियम आहे, तो मला तेव्हा माहीत असायला हवा होता. केशवसुतांच्या आधीची कविता आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या आधीचं गद्य छापताना मुळाबरहुकूम छापावं. म्हणून तर शाळेच्या पुस्तकात पसायदानात 'तोषावें' टिंबासह असतं आणि पुढच्या धड्यात 'करावे' टिंबाशिवाय. ज्ञानेश्वरांना जी मुभा मिळते ती वाईच्या जुळाऱ्याला नियमात मिळत नाही. ती घरच्यांनी द्यायची असते.

म्हणून या मजकुराबद्दल एकदाच सांगून ठेवतो. जिथे मी बोललो तसं ठेवलंय तिथे 'पहावं', 'करावं' असणार. जिथे लेखी वाक्य आहे तिथे 'पाहावे' लिहायचा प्रयत्न करीन, कारण नियम मला मान्य आहे आणि लोकांनी एकमेकांचं वाचायचं तर काहीतरी एक ठरावं लागतं. चुकलं तर मेसेज करत राहा. पण कुणी घरची जुनी पत्रं टाइप करत असाल तर आधी आहे तशी उतरवा.

सध्या आम्ही तिसऱ्या वहीवर आहोत, १९६६. आत्याला आता बारीक अक्षर दिसत नाही, त्यामुळे मी फोननं फोटो काढून मोठं करतो आणि ती वाचते. मागच्या शनिवारी एक नोंद आली, मंडईतून काय काय आणायचं त्याची. हळद आणावी, गूळ आणावा, शेंगदाणे आणावे, गोडे तेल आणावे. तेलाच्या 'आणावे'वर मी थांबलो. फोटो आणखी मोठा केला. मला डाग वाटत होता, कागदावरचा. आत्यानं चष्मा काढून फोन डोळ्यांजवळ नेला, बराच वेळ बघितलं.

"डाग नाही," ती म्हणाली. "टिंबच आहे. टाक."